बडोद्यातल्या छोट्या मराठी वाचनालयासाठी कोहा हे ग्रंथालय सॉफ्टवेअर घ्यावं की काहीतरी हलकं?

दांडियाबाजार_वाचक, बडोदा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, फुरसत असेल तेव्हा वाचा पण उत्तर नक्की द्या, कारण पुढच्या महिन्यात ट्रस्टींची मीटिंग आहे आणि मला तिथं काहीतरी ठाम बोलायचंय.

आमचं वाचनालय दांडिया बाजाराजवळ एका जुन्या वाड्यात आहे, वर-खाली मिळून तीन खोल्या. पुस्तकं साधारण ११ हजार, निम्म्याहून जास्त मराठी, मग गुजराती, बाकी हिंदी आणि इंग्रजी. वर्गणी भरणारे सभासद ४०० च्या आसपास, त्यातले रोज येणारे पंचवीस-तीस आणि तेही बहुतेक साठीच्या पुढचे. पगारी माणूस एकच, आमच्या बेन, त्या सकाळ-संध्याकाळ देवघेव बघतात, आणि मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कम्प्युटरचं बघते.

सध्याचं सॉफ्टवेअर वीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांनी व्हिज्युअल बेसिकमध्ये करून दिलं होतं. फार मनापासून केलं होतं त्यांनी, एक पैसाही घेतला नाही. पण ते नंतर गाव सोडून गेले, कोड कुणाकडे नाही, आणि सगळा डेटा एका ॲक्सेस फाइलीत, तोही जुन्या फॉन्टमधला. म्हणजे ती फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडली की पुस्तकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मशीन विंडोज १० वर आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ वर हा प्रोग्रॅम उघडतच नाही, मी करून बघितलं.

त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. कम्प्युटर टेबलावर होता म्हणून वाचला. बॅकअपचा पेनड्राइव्ह खालच्या ड्रॉवरमध्ये होता, तो गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, की अजून एक फूट पाणी वाढलं असतं तर बेननी इतकी वर्षं बसून केलेल्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या.

म्हणून आता ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरकडे, वळायचंय. मी वाचलं त्यात कोहाचं नाव सगळीकडे आहे, मग स्लिम्स म्हणून एक इंडोनेशियाचं आहे, शिवाय केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या केंद्राचं सोल. वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय, प्रत्येकात फीचरची भलीमोठी यादी आणि आम्हाला त्यातलं दहावा हिस्सासुद्धा नको.

ट्रस्टींचे दोन प्रश्न आहेत आणि मला दोन्हींचं नीट उत्तर देता आलं नाही. एक काका म्हणाले, फुकटचं आहे, उद्या बंद पडलं तर कुणाला धरायचं? दुसरे म्हणाले, ओपन म्हणजे आपल्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर सगळ्या जगाला दिसणार का? तुम्ही तुमच्या संस्थेत निवड कशी केलीत, काय बघितलं, काय बघायचं राहून गेलं, ते सांगा प्लीज.

लष्करवाला, ग्वाल्हेर

ताई नमस्कार. मी इथं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, नोकरी सर्व्हर सांभाळायची आणि हौसेनं दोन-तीन मराठी संस्थांचं कम्प्युटरचं बघतो.

तुमची वीस वर्षांची मेहनत एका फाइलीत अडकलीय आणि तिची किल्ली कुणाकडेच नाही. हे एकदा झालंय, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर नवीन सॉफ्टवेअरमध्ये शिरायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता बघितला असता. करायचं असं की ५० पुस्तकं, पाच सभासद, दहा-बारा देवघेवी टाकायच्या. बेनना दोन दिवस वापरू द्यायचं. मग सगळंच्या सगळं सीएसव्ही (साध्या रकान्यांची फाइल) किंवा मार्क (ग्रंथालयांच्या नोंदींचा जगभर चालणारा साचा) मध्ये बाहेर काढायचं आणि दुसऱ्या मशीनवर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये, उघडायचं. दाखल क्रमांक आले का, कुणाची अनामत किती ते आलं का, कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते आलं का, देवनागरी जशीच्या तशी आली का. ह्यात जे नापास होईल त्याचं लायसन्स कितीही ओपन असू दे, घेऊ नका.

आता काकांचा प्रश्न, कुणाला धरायचं. हा प्रश्न फार बरोबर आहे आणि तो फुकट सॉफ्टवेअरइतकाच विकतच्यालाही लागू आहे. तुमचं सध्याचं सॉफ्टवेअर करून देणारे तर ओळखीचे होते, तरी धरायला कुणी उरलं नाही ना. कोहाची गोष्ट त्यांना सांगा. न्यूझीलंडमध्ये होरोफेनुआ नावाचा एक छोटा वाचनालय ट्रस्ट आहे, लेव्हिन गावचा. १९९९ साली त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागलं की गडबडणार. विकतचं परवडेना, शाखा साध्या फोन लाइनवर जोडलेल्या. मग त्यांनी वेलिंग्टनच्या एका छोट्या कंपनीकडून ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं आणि जीपीएल लायसन्सखाली (कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा) सगळ्यांना देऊन टाकलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट, आणि भेटीला परतभेट द्यायची अशी त्यामागची भावना. म्हणजे हे तुमच्यासारख्याच, ट्रस्टवर चालणाऱ्या वाचनालयाच्या गरजेतून जन्मलेलं आहे.

पण ती गोष्ट तिथं संपत नाही आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांनी प्रकल्पाची मूळ वेबसाइट एका कंपनीच्या ताब्यात गेली, २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये नावाच्या ट्रेडमार्कवरूनही भांडण झालं. काम करणारे लोक काय करू शकले, तर कोड घेऊन निघाले आणि दुसऱ्या पत्त्यावर नवीन वेबसाइट उभी केली. जीपीएल होतं म्हणून कुणी अडवू शकलं नाही. काकांना सांगा की इथं एका माणसाला धरायचं नसतं, एकानं हात सोडला तर दुसऱ्याला तो धरता येतो का एवढं बघायचं. कोहाची कामं करणाऱ्या कंपन्या भारतात बऱ्याच आहेत, एकीशी पटलं नाही तर तोच डेटा घेऊन दुसरीकडे जाता येतं.

प्रकल्प जिवंत आहे का ते कसं ओळखायचं, तर गिटहब ह्या कोड ठेवायच्या साइटवर लोकांनी दिलेल्या पसंतीच्या चांदण्या मोजू नका. शेवटचं व्हर्जन कधी आलं आणि त्याआधीचं कधी, हे बघा. कोहाचं मोठं व्हर्जन दर मे आणि नोव्हेंबरला येतं, व्हर्जनच्या नंबरातच साल-महिना असतो, २४.०५, २४.११ असं, आणि मध्ये दर महिन्याला दुरुस्त्या येतात. मग त्यांच्या बग नोंदवायच्या जागी जा आणि दहा तक्रारी उघडून वाचा, उत्तरं किती दिवसांत येतात, कोण देतंय, एकच माणूस सगळ्यांना उत्तर देतोय का. कोहात कुणी दुरुस्ती पाठवली की आधी दुसऱ्या माणसानं ती तपासून सही द्यावी लागते, मग क्यूएवाले, म्हणजे दर्जा बघणारे, परत तपासतात, तेव्हा ती आत जाते.

हे का बघायचं ते मार्च २०२४ मध्ये सगळ्यांना कळलं. एक्सझेड नावाची फाइल लहान करायची एक लायब्ररी, जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असते, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी गुपचूप आत शिरायला मागचं दार बसवून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं ती एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, दमला होता, आणि मदतीला म्हणून आलेल्यानंच दोनेक वर्षं विश्वास कमावून हे केलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं, तो खणत गेला आणि सापडलं. कोड उघडा होता म्हणून सापडलं हेही खरं, आणि एकट्या माणसावर सगळा भार होता म्हणून घडलं हेही खरं.

दुसऱ्या काकांना सांगा की उघडा असतो तो कोड. सभासदांची यादी तुमच्या मशीनवर, तुमच्या पासवर्डच्या मागे. जीपीएलमुळे तुम्हाला काहीही प्रसिद्ध करावं लागत नाही, वापरायला काही अट नाही. मात्र तुम्ही स्वतः पासवर्ड १२३४५६ ठेवलात तर लायसन्स काय करणार. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर फोन नंबर, जन्मतारीख, आधारची झेरॉक्स असलं जे काय गोळा करता त्यातलं खरंच किती लागतं, ते ह्याच निमित्तानं बघून टाका. आधार तर वाचनालयाला लागतच नाही असं माझं मत.

निवृत्त_ग्रंथपाल, बडोदा

बाळ, तू दांडिया बाजारातलं लिहिलंस म्हणून मुद्दाम लॉगिन करून लिहितेय. मी ३१ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, आता अकोट्याला राहते.

ग्वाल्हेरच्या दादांनी जे सांगितलं ते सगळं बरोबर, पण त्यांनी कम्प्युटरच्या बाजूनं सांगितलं, मी नोंदींच्या बाजूनं सांगते. सॉफ्टवेअर दहा वर्षांनी बदलणारच आहे, ह्याच्यानंतरही बदलेल. नोंदी राहतात. म्हणून मी पहिली चौकशी ही करीन की नोंद कुठल्या साच्यात ठेवली जाते. आपल्या गावाला तर हे कळायला हवं. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन साहेबांना आणलं, तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. त्यांनी कटर आणि ड्यूई यांच्या पुस्तक-वर्गीकरणाच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण केलं होतं. हुशारीचं काम, पण बाहेर जगात ड्यूईच चालली. आपल्यापुरतं खास केलेलं असतं ते पुढच्याला समजावताना दमछाक होते, हे मी नोकरीत अनेकदा बघितलं.

कोहा मार्कवर चालतं. मार्क किचकट आहे, मान्य, ग्रंथनाम २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, कोहाची प्रतीची माहिती ९५२ मध्ये, नवख्याला धडकी भरते. पण ती भाषा जगातली जवळजवळ सगळी मोठी ग्रंथालय सॉफ्टवेअरं बोलतात, म्हणजे उद्या निघायचं झालं तर रस्ता तयार आहे. आणि तुमच्या बेनना हे आकडे पाठ करायला लागत नाहीत, कोहामध्ये छोटा फॉर्म बनवता येतो, आठ-दहा रकान्यांचा, बाकीचे झाकून टाकायचे. हे आधी करून घे आणि मगच बेनसमोर ठेव. पहिल्या दिवशी त्यांनी पूर्ण मार्कचा पडदा बघितला तर पुन्हा हात लावणार नाहीत.

एक गैरसमज लोकांचा असतो, की झेड ३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदी ओढून घ्यायच्या सोयीनं, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी खेचल्या की काम फत्ते. इंग्रजी पुस्तकांना होतं. मराठीच्या नोंदी तिथं बहुतेक रोमन लिपीत असतात, अक्षरांवर रेघा-टिंबं देऊन. तुझे सत्तरीचे सभासद तसं थोडंच शोधणार आहेत. मराठी आणि गुजराती हातानंच भरावं लागेल किंवा जुन्या डेटातून आणावं लागेल, त्याचा वेळ आधीच धर. एक्सेलमधून मार्क बनवायला मार्कएडिट चांगलं आहे, फुकट मिळतं, पण ते ओपन सोर्स नाही, कोड देत नाहीत. वापरायला माझी हरकत नाही कारण त्यातून निघालेली फाइल आपलीच असते. फुकट आणि ओपन हे दोन वेगळे आहेत हे ट्रस्टींना एकदा समजावच. ई-ग्रंथालयाचंही तेच, एनआयसीनं मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी केलेलं, पैसे लागत नाहीत पण ओपन सोर्स नाही. सोल विकत आहे आणि कॉलेज-युनिव्हर्सिटीला धरून आहे.

आता देवनागरीचं, आणि इथं मी हट्टानं सांगेन. कोहाच्या आत शोधाचं काम झेब्रा नावाचं इंजिन करतं. त्याचं नेहमीचं सेटिंग रोमन लिपीला धरून असतं, आपल्या लिप्यांसाठी ते आयसीयूवर, म्हणजे सगळ्या लिप्या हाताळणाऱ्या व्यवस्थेवर, न्यावं लागतं आणि मग सगळा इंडेक्स परत बांधावा लागतो. कुणी कंपनी डेमो द्यायला आली की इंग्रजी नाव टाकून शोधून दाखवतात, तू त्यांना उठवून स्वतः बस. 'ॲ'नं सुरू होणारं नाव टाक. हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं, एक अख्खं ॲ आणि एक अ वर चंद्र देऊन, दिसायला सारखं पण कम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तसंच 'ऱ्या', म्हणजे दुसऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड, हाही दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. गुजराती 'ળ' शोधून बघ. नावांची क्रमवारी लावून बघ, क्ष आणि ज्ञ कुठं जाऊन बसतात. मग लेखकाचं आडनाव आधी टाकून, नाव आधी टाकून. ही दहा मिनिटांची परीक्षा आहे आणि ह्यात जे कळतं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

दोन लिप्यांचं एक सांगते. मराठी पुस्तकाचं गुजराती भाषांतर तुमच्याकडे असतं, कुणी गुजरातीत शोधतं कुणी देवनागरीत. मार्कमध्ये दुसऱ्या लिपीसाठी ८८० चं फील्ड आहे, शास्त्रशुद्ध तेच. छोट्या ठिकाणी मी २४६ मध्ये, म्हणजे ग्रंथनामाच्या पर्यायी रूपात, दुसऱ्या लिपीतलं नाव टाकायची, शोधणाऱ्याला पुस्तक सापडायचं. भाषेचा कोड विसरू नकोस, मराठीचा एमएआर, गुजरातीचा जीयूजे. तो टाकलास तर पाच वर्षांनी कुणी विचारेल गुजराती किती वाचली जातात, तर एका मिनिटात सांगशील.

पोहे_आणि_पीएचपी, इंदूर

सगळे कोहाच सांगतायत म्हणून दुसरी बाजू. आम्ही रामबागेजवळ एका छोट्या संस्थेचं ग्रंथालय बघतो, पुस्तकं २,८००, कुणी पगारी नाही. आधी आम्ही कोहाच लावलं होतं. लिनक्सवर चालतं, विंडोजवर नाही, आमच्यात लिनक्स येणारा एकच मुलगा होता, त्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. त्यानंतर आठ महिने कुणी अपडेट लावलं नाही, एक दिवस डिस्क भरली आणि देवघेव थांबली, आम्ही चक्क वहीवर आलो. कोहाचा ह्यात काही दोष नाही, ते आमच्या मापाचं नव्हतं.

मग स्लिम्स लावलं. जकार्तामध्ये सेनायन भागात शिक्षण मंत्रालयाचं ग्रंथालय होतं, त्यांनी २००७ मध्ये काढलं, जीपीएलच आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल, म्हणजे साध्या वेबसाइटच्या होस्टिंगवर बसतं, आणि पीएचपी येणारा पोरगा गल्लीत मिळतो, पर्ल, ज्यात कोहा लिहिलंय, ते येणारा शोधत फिरावं लागतं. पुस्तकं आणि प्रती सीएसव्हीमधून आत-बाहेर जातात. नोंद भरायचा फॉर्म सरळ आहे, आमच्या काकूंना एका दुपारी आला.

कमी काय आहे तेही सांगतो, लपवून काय उपयोग. माहिती आणि चर्चा पुष्कळशी इंडोनेशियन भाषेत, भाषांतर करून वाचावी लागते. काम करणारे लोक कोहापेक्षा खूपच कमी. आणि बरेच जण ते विंडोजवर झॅम्पमध्ये लावून तसंच चालू ठेवतात, हे करू नका, झॅम्प शिकण्या-तपासण्यासाठी आहे, त्यात डेटाबेसच्या मुख्य युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो.

माझं म्हणणं इतकंच की सॉफ्टवेअर तोलताना आपल्या भोवतीची माणसंपण तोला. आम्ही हिशेबासाठी ग्नूकॅश घ्यायचं ठरवलं होतं, सहा महिने नीट नोंदी केल्या, मला स्वतःला फार आवडलं होतं. पण आमच्या सीएला टॅलीचीच फाइल हवी होती, दर तिमाहीला सगळं परत टाइप करायला लागलं, शेवटी खजिनदार काका वैतागले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट लिब्रेऑफिस सगळ्यांच्या मशीनवर आहे आणि कुणाची तक्रार नाही. मात्र ते घ्यायचं तर लिब्रेऑफिसच घ्या, जुन्या सवयीनं ओपनऑफिस उतरवू नका. २०१० मध्ये बहुतेक काम करणारे लोक तिकडून निघून इकडे आले, ओपनऑफिस अजून मिळतं पण कामाचा वेग फारच मंद आहे. नाव मोठं असलं की लोक तेच उतरवतात, हे मी तीन संस्थांत बघितलंय.

ताई, तुमच्याकडे ११ हजार पुस्तकं आणि चार भाषा आहेत, तेव्हा कोहा बसेलही. पण लिनक्स येणारी दोन माणसं नक्की आहेत का, एक नाही, दोन, हे आधी बघा.

दांडियाबाजार_वाचक, बडोदा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रंथपाल ताई, तुम्ही अकोट्याला आहात हे वाचून फार बरं वाटलं, कधी आलात तर नक्की वर या, जिना जरा उभा आहे.

इंदूरच्या दादांचा प्रश्न बरोबर बसला. लिनक्स थोडंफार मला येतं, दुसरं कुणी नाही. एका कंपनीशी बोलले, ते म्हणाले आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवतो, तुम्ही फक्त वर्षाचे पैसे भरा. सोपं वाटतंय. पण मनात भीती तीच, की परत सगळं दुसऱ्याच्या हातात. असं घ्यावं का? आणि घेतलं तर लेखी काय काय घ्यायचं?

लष्करवाला, ग्वाल्हेर

घ्यायला हरकत नाही, उलट पूर असलेल्या गावात सर्व्हर दुसरीकडे असणं चांगलंच. फक्त कागद नीट करा. डोमेन वाचनालयाच्या नावावर, कंपनीच्या नाही, आणि त्याचा ईमेलही संस्थेचा, कुणा एकाचा खाजगी नाही. पूर्ण डेटाबेसची प्रत, नुसता रिपोर्ट नव्हे, दर आठवड्याला तुम्हाला मिळायला हवी, मागितल्यावर नाही, आपोआप. करार संपला तर किती दिवसांत सगळा डेटा देतील आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का, हे लिहून घ्या. व्हर्जन कोण आणि वर्षातून किती वेळा चढवणार. त्यांनी कोडमध्ये तुमच्यासाठी काही वेगळं केलं तर तो बदल तुम्हाला देतील का, हे विचाराच, कारण नुसते असले खास बदल साठत गेले की पुढचं व्हर्जन चढवता येत नाही आणि मग तुम्ही त्यांच्याशीच बांधलेले. एखादी कंपनी ह्यातल्या डेटाच्या मुद्द्यावर का-कू करायला लागली तर तिथंच उठा.

स्वतः ठेवणार असाल तर डेबियन ह्या लिनक्सवर पॅकेजमधून लावा, कोड उतरवून हातानं नको. कोहाचं पॅकेज रोज रात्री आपोआप बॅकअप काढतं आणि शेवटच्या दोन दिवसांचे ठेवतं. लोक खूश होतात की बॅकअप चालू आहे. तो असतो त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर. तुमच्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हसारखंच झालं ते. तो रोज दुसऱ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर जायला हवा. आणि महिन्यातून एकदा तो कोऱ्या मशीनवर चढवून बघा. चढवून न बघितलेला बॅकअप मी बॅकअपमध्ये धरत नाही.

दांडियाबाजार_वाचक, बडोदा

महिन्याभरानं परत लिहितेय, कारण इतक्या जणांनी वेळ दिला तर पुढे काय झालं ते सांगायला हवं.

जुन्या फाइलीतली टेबलं मी एमडीबी टूल्स वापरून सीएसव्हीत काढली, तेही ओपन सोर्सच आहे. फॉन्ट बदलायला एक कन्व्हर्टर मिळाला. अक्षरं आली, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, ते उलटंपालटं करताना तो काही ठिकाणी चुकतो. वर्ष, धर्म, पूर्व असले शब्द तुटून आले. बेन आणि मी तीन रविवार बसून ५०० पुस्तकांच्या नोंदी वाचून दुरुस्त केल्या, त्यात त्यांनी जुन्या दाखल नोंदवहीशी ताडून पाहताना १४ पुस्तकं अशी काढली जी कम्प्युटरमध्ये कधीच चढली नव्हती. वही जपून ठेवल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग तीच ५०० पुस्तकं कोहात आणि स्लिम्समध्ये दोन्हीकडे टाकली. बेननी दोन्ही चार-चार दिवस वापरली. स्लिम्सचा फॉर्म त्यांना लगेच आला, खरंय. कोहात मी ग्रंथपाल ताईंनी सांगितलं तसा नऊ रकान्यांचा फॉर्म केला आणि मगच दाखवला, तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की हेपण चालेल. शोधाच्या परीक्षेत कोहा आयसीयूवर नेण्याआधी मराठी शोधात गोंधळ होता, नेल्यावर नीट झालं. ॲ चा घोळ मात्र राहिला, म्हणून आम्ही ठरवलंय की सगळीकडे अख्खंच ॲ टाइप करायचं आणि जुन्या डेटात एकदाच बदलून घ्यायचं. बाहेर काढायच्या परीक्षेत दोन्ही पास झाली, फक्त अनामतीची रक्कम कोहात मी वेगळ्या रकान्यात नीट नेमून ठेवली नव्हती त्यामुळे पहिल्यांदा ती बाहेर आलीच नाही, दुसऱ्यांदा आली.

मीटिंगमध्ये मी न्यूझीलंडच्या ट्रस्टची गोष्ट सांगितली. ज्या काकांनी कुणाला धरायचं विचारलं होतं त्यांनीच शेवटी विचारलं की मग आपण परतभेट काय देणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण आमच्या रफार दुरुस्तीची यादी आणि मराठीसाठीच्या सेटिंगची टिपणं मराठीत लिहून सगळ्यांना द्यायची असं तिथंच ठरलं.

सहा महिन्यांसाठी कोहा, कंपनीच्या सर्व्हरवर, ग्वाल्हेरच्या दादांच्या सगळ्या अटी घालून. पहिली कंपनी डेटाबेसची आठवड्याची प्रत द्यायला तयार झाली नाही, दुसरी झाली. दुसऱ्या माणसाचा प्रश्न अजून पुरता सुटला नाही, एका सभासदांची नात इंजिनिअरिंगला आहे, ती दर रविवारी यायला लागलीय आणि मागच्या रविवारी तिनं आठवड्याची प्रत तिच्या लॅपटॉपवर चढवून दाखवली, सव्वा तास लागला. सगळे पासवर्ड एका बंद पाकिटात वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवलेत. जुन्या फॉन्टमधून डेटा काढताना कुणाला रफारांची यादी हवी असेल तर इथंच सांगा, सध्या २७० शब्द झालेत, ओडीएस फाइल आहे, पाठवते.